शाळेच्या खोल्यांना सरकारी पैसा : घ्यायचा तर कोणत्या अटीवर?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाचा भाव आहे, पीकविमा आहे, शेतीपंपाची वीज आहे. त्यात हा शाळेच्या खोल्यांचा विषय कुठून घुसला, असे सकाळी चहाच्या वेळी दोघातिघांनी आम्हाला विचारले. विषय आम्ही घुसवलेला नाही. तो गावांतून आला. आमच्या गावच्या हायस्कूलला वर्गखोल्या कमी पडतात, संस्थेजवळ पैसा नाही, खासदार निधीतून किंवा एखाद्या सरकारी योजनेतून तो मिळावा म्हणून संघटनेने जोर लावावा, असे काही कार्यकर्त्यांचे म्हणणे आहे. दुसरे काही कार्यकर्ते म्हणतात, खाजगी संस्थेला सरकारी तिजोरीतून एक वीटसुद्धा मिळता कामा नये. शिक्षणसम्राटांची घरे भरायला आपण मोर्चे काढायचे काय? दोन्ही बाजूंचे लोक आपलेच आहेत, दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे. म्हणून कापसाच्या उत्पादन खर्चाचा जसा आपण कागदावर हिशेब मांडतो, तसा याचाही एकदा मांडून पाहू.

पहिली गोष्ट, 'खाजगी' या शब्दाची. खाजगी शाळा म्हटली की शहरातली काचेची इमारत आणि पिवळी बस डोळ्यांपुढे येते. कोरडवाहू भागात खाजगी शाळा म्हणजे बहुतेक वेळा पत्र्याच्या छपराचे हायस्कूल. गावची प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची, पण त्यापुढे दहावीपर्यंतचे शिक्षण आपल्या राज्यात मोठ्या प्रमाणावर खाजगी संस्थांच्या हातात आहे. सरकार शिक्षकांचे पगार देते, संस्था शाळा चालवते. म्हणजे आपली पोरे सातवीनंतर शिकणार की नाही, हे त्या पत्र्याच्या खोल्यांवर ठरते. एका खोलीत दोन वर्ग बसतात. एप्रिलमध्ये पत्रा इतका तापतो की मुले झाडाखाली येतात. आणि मुलींसाठी वेगळे संडास नसले की काय होते, ते इथे बसलेल्या मायबहिणींना आम्ही सांगण्याची गरज नाही. मुलगी आधी दोन दिवस शाळा चुकवते, मग आठवडा चुकवते, मग वेचणीचा हंगाम येतो आणि ती कायमची घरी राहते. बाप म्हणतो, हिचे अभ्यासात लक्ष नव्हते. लक्ष होते. आडोसा नव्हता.

म्हणून 'खाजगीला वीटसुद्धा नको' असे जे म्हणतात, त्यांनी आधी ही मुलगी कुठे जाणार ते सांगावे.

आता दुसरी बाजू. सरकारने खाजगी शाळेला मदत करायची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. इंग्रज सरकारने १८५४ सालच्या वुडच्या खलित्यात अनुदानाची पद्धत मान्य केली. सगळ्या शाळा सरकारने काढायच्या नाहीत, लोकांनी काढलेल्या शाळांना तपासणीच्या अटीवर मदत करायची. पैसा कुठला? मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला, त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी होता. शेतकऱ्याने आणा भरला आणि त्याच्या गावात शाळा आली नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले : सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. पैसा सरकारी असे आपण म्हणतो, पण तो निघतो कुठून आणि उतरतो कुठे, हे तपासण्याची सवय आपल्याला जोतीरावांनी लावली.

पुढे आपल्या लोकांनी सरकारची वाट पाहिली नाही. १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमरावतीला पंजाबराव देशमुखांच्या पुढाकाराने शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. त्यांच्या पाठोपाठ तालुक्यातालुक्यांत लहान लहान संस्था निघाल्या. त्या काळच्या म्हाताऱ्यांशी बोला. कुणी दोन एकर जमीन दिली, कुणी कापसाचे गाठोडे दिले, कुणी ज्वारीचे पोते. ज्याच्याकडे देण्यासारखे काही नव्हते, त्याने आपली बैलगाडी आणि अंगमेहनत दिली. नंतर सरकारने पगाराचे अनुदान सुरू केले. असा तो अलिखित करार झाला : पगार सरकारचा, भिंती गावाच्या.

हा करार आता मोडकळीस आला आहे. कोरडवाहू शेतीत वर्षाअखेर हातात काही उरत नाही, गाव भिंती कशातून बांधणार? २००१ पासून 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर शाळा निघाल्या. २००९ मध्ये त्यातला 'कायम' शब्द गेला, पण पगार टप्प्याटप्प्याने आणि रडतखडत आला. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा वेगळा दरवाजा उघडला. तिथे फी आणि फक्त फी. आणि मधल्या काळात २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. त्याच्या परिशिष्टात लिहिले आहे की शिक्षकागणिक वर्गखोली हवी, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे हवीत, पिण्याचे पाणी हवे, क्रीडांगण हवे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा वगळता आठवीपर्यंतच्या शाळांना हे लागू आहे, मग शाळा सरकारी असो की खाजगी. अट चांगली आहे. अट घालणाऱ्याने पैशाचे काय ते मात्र खाजगी शाळेवर सोडले.

आता हा प्रश्न आपल्याकडे कुणी नीट भांडून सोडवलेला नाही. जो तो आपल्या ओळखीच्या पुढाऱ्याकडे जातो आणि दोन खोल्या मंजूर करून आणतो. पण एका देशात याच प्रश्नावर, अगदी संडासांच्या मुद्द्यावरूनच, साठ वर्षांपूर्वी भांडण उभे राहिले आणि त्यातून एक पद्धत तयार झाली. तो देश ऑस्ट्रेलिया. तिकडचे कौतुक सांगायला आम्ही उभे नाही. त्यांची जमीन वेगळी, त्यांचा शेतकरी वेगळा. पण दुसऱ्याच्या वावरात कोणते बियाणे उगवले आणि कोणते कुजले, हे बांधावरून पाहायला पैसे पडत नाहीत.

सिडनीपासून दोनशे किलोमीटरवर गोलबर्न नावाचे गाव आहे. मेंढ्यांचा आणि लोकरीचा मुलूख. त्या देशात १८७० आणि १८८० च्या दशकांत कायदे करून खाजगी, म्हणजे मुख्यतः चर्चच्या, शाळांची सरकारी मदत बंद करण्यात आली होती. कॅथलिक लोक बहुतेक गरीब, कष्टकरी. ते कर भरायचे, त्यातून सरकारी शाळा चालायच्या, आणि वर स्वतःच्या शाळांसाठी वर्गणीही काढायचे. ऐंशी वर्षे हे चालले. १९६२ साली गोलबर्नच्या एका कॅथलिक शाळेला सरकारी तपासनिसांनी सांगितले की आणखी तीन संडास बांधा, नाहीतर मान्यता राहणार नाही. शाळेकडे पैसे नव्हते. मग पालकांची सभा झाली आणि त्यांनी एक अजब निर्णय केला. गावातल्या सगळ्या कॅथलिक शाळा बंद ठेवायच्या आणि पोरांना घेऊन सरकारी शाळेच्या दारात उभे राहायचे. आम्ही कर भरतो, आमची पोरे तुमची, घ्या आत. जुलै महिन्यात सुमारे दोन हजार मुले अशी दारात उभी राहिली. सरकारी शाळांत जागा निघाली ६४० मुलांना.

मंडळी, याला म्हणतात आंदोलन. दगड नाही, रस्ता रोको नाही. सरकारची सोय खाजगी शाळेमुळे किती होत होती, ते एका सकाळी सरकारला मोजून दाखवले. आठवड्याभरात शाळा पुन्हा सुरू झाल्या, हातात लगेच काही पडले नाही, पण देशभर चर्चा झाली. १९६३ च्या नोव्हेंबरात निवडणूक होती. पंतप्रधान रॉबर्ट मेन्झिस यांनी जाहीर केले की माध्यमिक शाळांच्या विज्ञान प्रयोगशाळांसाठी केंद्र सरकार वर्षाला पन्नास लाख पौंड देईल, आणि सरकारी व खाजगी असा भेद करणार नाही. ते निवडून आले, १९६४ मध्ये कायदा झाला. काही वर्षांनी शाळांच्या ग्रंथालयांच्या इमारतींसाठी तसाच पैसा आला. मुलांमागे दरवर्षी द्यायचे चालू अनुदान केंद्राकडून त्यानंतर आले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आपल्याकडे सरकारने पगार दिला आणि भिंती गावावर सोडल्या. तिकडे केंद्राने आधी भिंती दिल्या, चालू खर्च मागाहून. हा फरक साधा नाही. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो, तेव्हा खर्चाचे दोन कप्पे करायला शिकवले होते. बियाणे, खत, मजुरी हा एका हंगामाचा खर्च. पीक निघाले की तो संपला. विहीर, बांधबंदिस्ती, बैलजोडी हा भांडवली खर्च. तो राहतो. पगाराचे अनुदान हे बियाण्यासारखे आहे. यंदा दिले, यंदा मुलांनी शिकून संपवले, पुढच्या वर्षी शाळा वाईट चालली तर बंद करता येते. इमारतीचे अनुदान ही विहीर आहे. आणि अनुदानाच्या विहिरीवरून कोर्टात गेलेले किती भाऊ या मंडपात बसले आहेत, हात वर करा म्हटले तर पंचाईत होईल. पैसा सरकारचा, खोदाई दोघांची, सातबारा एकाच्या नावावर. पाणी लागेपर्यंत सगळे भाऊ. पाणी लागल्यावर सातबारा बोलतो.

शाळेच्या खोल्यांचे तेच. पहिली वीट लागण्याआधी सातबारा कुणाच्या नावावर, हे ठरवले नाही तर नंतर बोलायला जागा राहत नाही.

ऑस्ट्रेलियात हे ठरवायला वेळ लागला. सरसकट सगळ्यांना द्यायचे म्हटल्यावर ज्या शाळेकडे आधीच सगळे आहे तीही रांगेत उभी राहते. १९७३ साली कार्मेल समितीचा अहवाल आला. त्याचा मुख्य मुद्दा असा की मदत गरजेच्या मापाने द्यावी. काही लोक कोर्टात गेले, धर्माच्या शाळांना सरकारी पैसा देणे घटनाविरोधी आहे म्हणून. १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने सहा विरुद्ध एक अशा मताने अनुदान कायम ठेवले. आज तिथे खाजगी शाळांच्या इमारतींसाठी केंद्राचा पैसा प्रत्येक राज्यातल्या वाटप मंडळांमार्फत जातो. शाळेला दाखवावे लागते की स्वतःच्या बळावर हे बांधकाम आपल्याला झेपत नाही, आणि ज्या मुलांना शिक्षणाची संधी कमी मिळते त्यांना याचा उपयोग काय. आणि शेवटची अट आमच्या मते सगळ्यात मोलाची आहे : ठराविक वर्षांच्या आत ती इमारत विकली, किंवा ज्या कामासाठी पैसा घेतला ते काम तिथे बंद केले, तर सरकार आपला हिस्सा परत मागू शकते. इमारत शाळेचीच, पण सरकारचा वाटा तिच्यात काही वर्षे जिवंत राहतो.

त्यांनाही सगळे जमलेले नाही, तेही सांगतो. तिथे शाळेच्या इमारत निधीला दिलेली देणगी उत्पन्नातून वजा होते. म्हणजे श्रीमंत पालकांनी शाळेला पोहण्याचा तलाव बांधून दिला, तर त्यातला काही भाग करसवलतीच्या रूपाने सरकारी तिजोरीनेच दिलेला असतो. अर्ज नाही, गरजेचे माप नाही, परतीची अट नाही. या मागच्या दाराने जाणारे अनुदान कुणी अनुदान म्हणत नाही. आणि आपल्याकडे? जुन्या पद्धतीने आयकर भरणारा व्यापारी नोंदणीकृत संस्थेला पावती घेऊन देणगी देतो, त्याला करात सूट मिळते. तुम्ही कापसाचे पैसे आले की पाचशे रुपये देता, ते पुरते पाचशे तुमच्या खिशातून जातात. देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवर मात्र कुणाचे नाव वर असते, ते पाहून घ्या.

आणखी एक धडा पैसा खर्च कुणी करायचा याचा. २००९ मध्ये जगभर मंदी आली तेव्हा ऑस्ट्रेलिया सरकारने सुमारे सोळा अब्ज डॉलर शाळांच्या इमारतींवर ओतले. जवळजवळ प्रत्येक शाळेत, सरकारी असो की खाजगी, काही ना काही बांधकाम झाले. घाई होती, तक्रारी झाल्या, मग ब्रॅड ऑर्गिल यांच्या अध्यक्षतेखाली तपास झाला. त्यात दिसले की जिथे राज्य सरकारच्या खात्याने वरून ठेके दिले, विशेषतः न्यू साउथ वेल्समध्ये, तिथे खर्च जास्त आला. कॅथलिक आणि इतर खाजगी शाळांनी स्वतः कंत्राटदार निवडून बांधले, तिथे त्याच पैशात काम चांगले झाले. गावातल्या माणसाला विटेचा भाव ठाऊक असतो आणि ती वीट आपल्या पोराच्या डोक्यावर पडेल हेही ठाऊक असते. खात्याला फक्त टेंडर ठाऊक असते. जिल्हा परिषदेच्या बांधकामाचे उदाहरण आम्ही देत नाही. तुमच्याच गावात एखादी खोली उद्घाटनाच्या पुढच्याच पावसाळ्यात गळली असेल.

आता आपल्या घरी येऊ. इमारतीला थेट सरकारी पैसा देणाऱ्या दोन वाटा सांगतो, बाकीच्या बारीक आहेत.

एक, केंद्र सरकारने २००८-०९ मध्ये अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांसाठी पायाभूत सुविधांची योजना आणली. अनुदानित असो वा विनाअनुदानित, वर्गखोल्या, प्रयोगशाळा, ग्रंथालय, स्वच्छतागृह, वसतिगृह यासाठी खर्चाच्या पंचाहत्तर टक्के, जास्तीत जास्त पन्नास लाख. मुलींच्या शाळांना प्राधान्य. या योजनेची मंजूर मुदत ३१ मार्च २०२२ पर्यंत होती. 'त्यांनाच का, आम्हाला का नाही' असे कुणी पुटपुटले तर आम्ही म्हणू, पुटपुटू नका, योजनेचा सांगाडा बघा. समजा साठ लाखांची इमारत आहे. पंचेचाळीस लाख सरकारचे, पंधरा लाख संस्थेचे. तशीच योजना उद्या सगळ्या ग्रामीण शाळांसाठी आली तर ते पंधरा लाख कुठून येतील? क्विंटलला साडेसात हजार भाव धरला तर दोनशे क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल म्हटले तर चाळीस-पन्नास एकरांचे सगळे पीक, त्यातून एक रुपयाही घरखर्चाला न काढता. पाटणबंधाऱ्याखालच्या बागायती गावाला तो हिस्सा झेपेल. आपल्याला झेपणार नाही. म्हणजे समान टक्क्याची योजना ओलिताच्या गावाला पोहोचते आणि कोरडवाहू गावाच्या वेशीवरून परत जाते. हिस्सा गावाच्या ऐपतीप्रमाणे हवा, आणि श्रम व जमीन यांची किंमत त्या हिश्श्यात धरली पाहिजे. ज्याने दोन एकर दिले त्याने आपला हिस्सा कधीच दिला आहे.

दुसरी वाट खासदार निधीची. ही योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. आज एका खासदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. नोंदणीकृत सेवाभावी संस्थांनाही यातून बांधकाम मिळू शकते, त्याला मर्यादा आहेत. खासदार किंवा त्याच्या कुटुंबातले कुणी ज्या संस्थेवर पदाधिकारी आहेत, तिला हा पैसा देता येत नाही. नियम चांगला आहे. म्हणूनच त्या संस्थेवर मेहुण्याचा मित्र बसतो. आमदार निधीचे नियम वेगळे आहेत, ते जिल्हा नियोजन कार्यालयात जाऊन वाचा. ऐकीव माहितीवर अर्ज करू नका.

यात आपल्याला खरी भीती कशाची आहे? पैसा खाल्ला जाईल ही एक भीती झाली, पण तिची सवय आहे. मोठी भीती दुसरी. आमच्या फिरतीत असे गाव भेटते : आजोबांनी जमीन दिली, गावाने भिंती उभ्या केल्या, सरकारने चार खोल्या बांधून दिल्या. मग संस्थेची दुसरी पिढी आली. मराठी शाळेची पटसंख्या घसरत गेली, किंवा घसरू दिली गेली. त्याच आवारात, त्याच नळावर, त्याच संस्थेची स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा सुरू झाली. ज्याच्या बापाने जमीन दिली तो आता फी परवडत नाही म्हणून फाटकाबाहेर उभा आहे. चोरी झाली म्हणावे तर चोरी कुठे झाली? काही विकले गेले नाही. मालक तोच, आवार तेच.

कायदा इथे अर्धाच मदतीला येतो. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. त्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय संस्थेला स्थावर मालमत्ता विकता येत नाही, बदलता येत नाही, बक्षीस देता येत नाही; बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. बरेच शिक्षणसम्राट या कलमाला भितात. पण या कलमाला विक्री दिसते, वापरातला बदल दिसत नाही. गरिबाच्या पोरासाठी बांधलेल्या खोलीत फीवाल्याचे पोर बसले तर कलम ३६ झोपून राहते. ही जी फट आहे, ती इमारतीचा पैसा देतानाच्या करारात बुजवावी लागते. नंतर बुजत नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे. संघटनेने खाजगी शाळेच्या खोल्यांसाठी सरकारी पैशाची मागणी करावी. करू नये असे म्हणणाऱ्यांचा आम्ही मान राखतो, पण त्यांच्या बोलण्याने खोली बांधली जात नाही. मात्र मागणीबरोबर कराराचा मसुदा आपला हवा. त्यात गावाने दिलेली जमीन, श्रम, वर्गणी यांची रुपयांत नोंद हवी. निदान वीस वर्षे त्या खोल्यांत त्याच इयत्ता, आजच्या इतक्याच फीवर किंवा फीशिवाय चालतील, हे हवे. ते मोडले तर सरकारचा हिस्सा सरकारला आणि गावाचा हिस्सा गावाला, म्हणजे ग्रामसभा ठरवेल त्या शाळेला, परत. मुलींचे संडास पाण्यासकट आधी, मुख्याध्यापकांचे केबिन मागून. हा क्रम आम्ही गमतीने सांगत नाही. बांधकामाचा खर्च गावच्या पालक समितीच्या सहीशिवाय निघू नये आणि त्या समितीत निम्म्या बाया असाव्यात.

एक आक्षेप येईल. जिल्हा परिषदेच्या शाळा पटाअभावी बंद करायला, एकत्र करायला सरकार निघाले आहे. २०२३ मध्ये समूह शाळांची कल्पना आली. अशा वेळी खाजगी संस्थेला इमारती कशाला, तो पैसा जिल्हा परिषदेच्या शाळेलाच द्या. ज्या गावात जिल्हा परिषदेची शाळा दहावीपर्यंत न्यायची सरकारची खरोखर तयारी आहे, तिथे हा आक्षेप बरोबर आहे, तिथे आम्ही पहिला अर्ज त्या शाळेसाठीच करू. पण तशी तयारी कागदावर दाखवा. तोंडी आश्वासनावर एक पिढी वाया गेली आहे. आणि शिक्षणासाठी पैसाच नाही हे कुणी ऐकवू नये. २००७ पासून केंद्राने करांवर माध्यमिक आणि उच्च शिक्षणाचा एक टक्का वेगळा उपकर घेतला. त्याचे ऐंशी हजार कोटींहून जास्त जमले आणि त्यासाठीचा निधीच वेळेवर उभारला गेला नव्हता, असे महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले. १८६० च्या दशकातला आणा आणि हा टक्का, दोन्हींची चाल सारखीच.

संस्थाचालक म्हणतील, एवढ्या अटी असतील तर आम्हाला पैसा नको. म्हणू द्या. जो चांगली शाळा चालवतो त्याला यातली एकही अट जड नाही. असे लोक आहेत, आम्ही पाहिले आहेत. स्वतःच्या पगारातून शाळेचे दरवाजे करणारे मुख्याध्यापक या जिल्ह्यात आहेत. त्यांना करार हा आधारच होईल, कारण उद्या अध्यक्ष बदलला तरी खोल्या हलणार नाहीत.

ठराव आज मांडू नका, अशी आमची विनंती आहे. आधी कागद जमवा. प्रत्येक तालुक्याने आपल्याकडच्या हायस्कूलांची यादी करावी. शाळेची जागा कुणी दिली, बक्षीसपत्र झाले की तोंडी दिली, सातबाऱ्यावर आज कुणाचे नाव आहे, हे तलाठ्याकडून काढावे. धर्मादाय कार्यालयात संस्थेच्या परिशिष्ट १ चा उतारा मिळतो, त्यात ही मालमत्ता नोंदलेली आहे का ते पाहावे. अनुदानित शाळेकडे माहितीच्या अधिकारात इमारतीसाठी आजवर आलेल्या सरकारी पैशाचा हिशेब मागता येतो. अर्ज दहा रुपयांचा आहे. मुलींच्या संडासांची पाहणी मात्र पुरुष कार्यकर्त्यांनी करू नये, महिला आघाडीने करावी, आणि दार उघडून पाणी आहे का ते पाहावे, कारण कुलूप लावलेले संडास पाहणीत नेहमी उत्तम स्थितीत असतात.

पुढची बैठक ज्वारीच्या काढणीनंतर आहे. येताना उतारे सोबत आणा, मग मसुद्याला बसू.